फौजी घरांचे करप्रश्न : बदली परराज्यात, रिटर्न कुठे?

दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकी आणि देहूरोडच्या छावण्या, लोहगावचा हवाई तळ, दापोडीचं सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय (सीएमई), खडकवासल्याची एनडीए. एवढं सगळं एका शहरात असल्यावर बदल्यांचा हंगाम सरला की पत्रांचा ढीग ठरलेला, आणि त्यातली निम्मी पत्रं जवानांची नव्हे, त्यांच्या पत्नींची असतात. साहजिकच आहे. पतीचा पगार, त्यातून आधीच कापलेला कर म्हणजे टीडीएस, पगार-कराचा दाखला म्हणजे फॉर्म सोळा, हे सगळं एकाच खात्याकडून येतं. नोकरी सोडायची, दुसरी धरायची, नोंदण्या बदलायच्या, हे सारं पत्नीच्या वाट्याला येतं. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. भारतातली आकडेमोड २०२५-२६ या आर्थिक वर्षाची, म्हणजे १९६१ च्या कायद्याप्रमाणे आहे. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून सुरू झाला आणि त्यातली कलमं वेगळी आहेत, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो.

प्रश्न : सप्टेंबरअखेर आमची सिकंदराबादहून पुण्याला बदली झाली. तिथल्या कंपनीत सहा महिने दरमहा एक लाख पगार होता. ऑक्टोबरपासून खराडीत दुसरी नोकरी, दरमहा १ लाख ३० हजार. व्यवसाय कर दोन्ही राज्यांत कापला गेला. टीडीएस मात्र दोघांनीही कापला नाही. मग रिटर्न दोन राज्यांत भरायचं का? आणि कर काही नाहीच ना? (वानवडी)

उत्तर : रिटर्न एकच. पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा आहे, त्याला राज्याची हद्द नाही. वर्षात चार राज्यांत चार नोकऱ्या केल्या तरी एक पॅन, एक रिटर्न.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही. पहिल्या कंपनीने धरलं की वर्षाचा पगार १२ लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, उरले सव्वाअकरा लाख, म्हणजे नव्या प्रणालीत सवलतीमुळे कर शून्य. दुसरीने फक्त स्वतःचे ७ लाख ८० हजार पाहिले, तिथेही शून्य. दोघींचं गणित आपापल्यापुरतं बरोबर आहे. कायदा मात्र बेरीज पाहतो. एकूण पगार १३ लाख ८० हजार, वजावट एकदाच ७५ हजार, करपात्र उत्पन्न १३ लाख ५ हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारांवर पाच टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या चारांवर दहा टक्के म्हणजे ४० हजार, उरलेल्या १ लाख ५ हजारांवर पंधरा टक्के म्हणजे १५,७५०. एकूण ७५,७५०. उत्पन्न १२ लाखांच्या पुढे गेल्यामुळे सवलत गेली. चार टक्के उपकर धरून ७८,७८० रुपये.

यावर व्याजही आहे. टीडीएस झाला नाही तर आगाऊ कराची जबाबदारी तुमची, आणि चारही हप्ते चुकले. कलम २३४सी प्रमाणे ३,९७३ रुपये, आणि रिटर्न जुलैत भरलं तर एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांचे, वर्षअखेर बाकी राहिलेल्या करावर, २३४बी प्रमाणे ३,१४८ रुपये. म्हणजे जवळजवळ ८६ हजार एकदम भरावे लागतील. ई-पे टॅक्समध्ये चलन काढताना ‘स्वनिर्धारण कर’, कोड ३००, निवडा आणि निर्धारण वर्ष २०२६-२७ टाका. इथे वर्ष चुकलं की पैसे सरकारकडे जमा होतात, पण रिटर्नमध्ये दिसत नाहीत. मग दुरुस्तीचा फेरा आला.

हे टाळायचं तर नव्या नोकरीत रुजू होताच आधीच्या पगाराचा तपशील देणारा फॉर्म (२०२५-२६ साठी बारा-बी) भरून द्यायचा. आधीच्या नोकरीतला पगार, पीएफ, कापलेला कर हे सगळं त्यात लिहिलं की नवी कंपनी बेरजेवर टीडीएस कापते. एचआरकडून हा फॉर्म मागून आणावा लागतो, आपणहून तो फारसं कुणी देत नाही. वेळ निघून गेली असेल तर निदान ३१ मार्चच्या आत पूर्ण रक्कम आगाऊ कर म्हणून, कोड १०० ने, भरायची. २३४सी चं व्याज लागतं, २३४बी चं वाचतं.

रिटर्न भरताना दोन फॉर्म सोळा समोर असतात आणि दोन्हींत ७५ हजारांची वजावट छापलेली असते. ती एकदाच घ्या. प्राप्तिकर पोर्टलवरच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात दोन्ही कंपन्यांचे पगार दिसतातच, त्यामुळे एक फॉर्म सोळा ‘विसरणं’ आता शक्य नाही.

व्यवसाय कर हा राज्याचा, आणि तो दोन ठिकाणी कापला गेला हे बरोबरच झालं. तेलंगणात सहा महिने दोनशेप्रमाणे १,२००, महाराष्ट्रात पाच महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे १,३००. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातली वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा प्रत्येक राज्यापुरती आहे, तेव्हा बेरीज त्यापुढे गेली असती तरी परतावा मिळाला नसता. महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. सैन्यदलातल्या व्यक्तींना तो मुळीच नाही, पण ही माफी पतीची आहे, पत्नीला लागू होत नाही. भरलेल्या व्यवसाय कराची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते.

शेवटचं, न विचारलेलं. सिकंदराबादच्या नोकरीतला पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) इकडे वर्ग करून घ्या. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेला पीएफ करपात्र असतो आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर दहा टक्के टीडीएस कापला जातो. वर्ग केला तर आधीची वर्षं धरली जातात. दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलावी लागणाऱ्या घरात पीएफ काढून घेण्याची सवय सगळ्यात महाग पडते.

प्रश्न : मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. पगारात घरभाडे भत्ता आहे. पतींना मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहतो. सासूबाईंच्या नावे भाडेपावती जोडली तर सूट मिळते, असं सहकारी सांगतात. (देहूरोड)

उत्तर : मिळत नाही. भाड्याची सूट प्रत्यक्ष भाडं भरणाऱ्याला असते. क्वार्टर सरकारचं, त्याची लायसन्स फी पतीच्या पगारातून कापली जाते, आणि सासूबाई त्या घराच्या मालक नाहीत. असली पावती म्हणजे चुकीची माहिती देणं. त्यावर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद कलम २७०ए मध्ये आहे. असे सल्ले देणारे सहकारी नोटीस आल्यावर सापडत नाहीत. नव्या करप्रणालीत ही सूट तशीही नाही.

तुम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत असता, उदाहरणार्थ केंद्रीय विद्यालयात, तर त्याच ठिकाणी पतीला क्वार्टर मिळालेलं असताना हा भत्ताच मिळाला नसता. उद्या पतीची फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही अशा जागी) बदली झाली आणि तुम्ही पुण्यात खरोखरच भाड्याचं घर घेतलं, भाडं तुमच्या खात्यातून गेलं, तर जुन्या प्रणालीत सूट रास्त आहे. २०२५-२६ साठी पुण्याला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ४० टक्क्यांची मर्यादा आहे. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो.

प्रश्न : तीन वर्षं घरून ऑनलाइन कोडिंगचे वर्ग घेते. वर्षाची उलाढाल १४ लाखांच्या आसपास. एका कंपनीच्या आग्रहावरून जीएसटी नंबर घेतला, व्यवसाय कराचीही नोंदणी आहे. आता जोधपूरला जायचंय. पोर्टलवर पत्ता बदलला की झालं ना? (खडकी)

उत्तर : प्राप्तिकराच्या पोर्टलवर झालं. जीएसटीच्या पोर्टलवर नाही. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते, तुमच्या नंबराचे पहिले दोन आकडे २७ म्हणजे महाराष्ट्र. राजस्थानचे ०८. एका राज्यातला नंबर दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. इथला रद्द करायचा आणि गरज असेल तर तिथे नवा घ्यायचा.

गरज आहे का, हे आधी पाहा. सेवा देणाऱ्याला देशभरातली मिळून उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, विद्यार्थी परराज्यातले असले तरीही. तुम्ही १४ लाखांवर आहात. त्या एका कंपनीला करासह बिल हवंच असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर जोधपूरला नोंदणीविना राहिलेलं बरं. कारण नव्या नोंदणीला धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. क्वार्टर सरकारी, भाडेकरार नाही, संमतीपत्र द्यायचं तर ते स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांकडून. अर्ज सहसा इथेच अडतो. (वस्तू विकणाऱ्यांनी मात्र हे वाचून निर्धास्त होऊ नये. परराज्यात माल पाठवायचा तर बहुतेक वस्तूंना उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते.)

रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६. ज्या तारखेपासून रद्द हवी ती तारीख विचारपूर्वक टाका, शक्यतो महिन्याची अखेर. त्या तारखेपर्यंतची जीएसटीआर-१ (विक्रीचं) आणि ३बी (करभरण्याचं) ही विवरणपत्रं भरलेली हवीत, बिल एकही नसलं तरी शून्याची. मग ज्या वस्तूंवर आधी कराची वजावट घेतली त्यांचा हिशेब. समजा तीन वर्षांपूर्वी ८० हजारांचा लॅपटॉप घेतला आणि त्यावरचा १४,४०० रुपये कर वजा करून घेतला. यंत्राचं आयुष्य साठ महिने धरतात. छत्तीस वापरले, चोवीस उरले, म्हणजे १४,४०० गुणिले २४ भागिले ६०, बरोबर ५,७६० रुपये परत करायचे. आजच्या बाजारभावावरचा कर याहून जास्त निघत असेल तर तो.

नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचं असतं. ते नेमकं राहून जातं. रद्द झाल्याचा आदेश हातात आला की माणसाला वाटतं संपलं. दोन वर्षांनी विलंबशुल्काची नोटीस येते, तीही बंद झालेल्या ईमेलवर. म्हणून अर्ज करण्याआधीच पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल तुमचा स्वतःचा करून घ्या. पतीचा नंबर दिलेला असतो, ते सीमेवर, आणि ओटीपी तिथे पोचत नाही.

आता व्यवसाय कर. स्वतःचा धंदा करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून. राजस्थानात हा कर नाही, पण तेवढ्याने तुमची पुण्यातली नोंदणी आपोआप संपत नाही. राज्याच्या जीएसटी विभागाच्या, म्हणजे महाजीएसटीच्या, संकेतस्थळावर ती बंद करण्याचा अर्ज द्यावा लागतो, धंदा इथून बंद केल्याची तारीख आणि पुरावा जोडून. पतीच्या बदलीचा आदेश आणि जीएसटी रद्दचा आदेश हे दोन्ही कागद इथे कामी येतात. अर्ज नवं वर्ष लागायच्या आत, म्हणजे ३१ मार्चपूर्वी गेला तर पुढच्या वर्षाच्या मागणीचा वादच उरत नाही. अर्ज केला नाही तर दरसाल अडीच हजार, वर व्याज, वर दंड असं साचत जातं. नव्या राज्यात काय उघडायचं हे सगळे विचारतात. जुन्या राज्यातलं काय बंद करायचं हे विचारलंत तर निम्मी कटकट वाचते.

प्रश्न : पती फील्डमध्ये आहेत, पगारातून दरमहा पैसे माझ्या खात्यात येतात. त्यातून साठलेल्या १५ लाखांची ठेव मी माझ्या नावे केली. मला दुसरं उत्पन्न नाही. बँकेत पंधरा-जी (उत्पन्न करपात्र नाही असं सांगणारं घोषणापत्र) दिला, टीडीएस कापला गेला नाही. बरोबर आहे ना? (घोरपडी)

उत्तर : ठेव ठेवण्यात काहीच गैर नाही, आणि पतीने पत्नीला दिलेल्या पैशावर भेट म्हणूनही कर नाही. चूक पंधरा-जी मध्ये आहे. पतीने मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशातून पत्नीला मिळणारं उत्पन्न कलम ६४ प्रमाणे पतीच्याच उत्पन्नात धरतात. सात टक्क्यांनी १५ लाखांवर १ लाख ५ हजार व्याज. पती तीस टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर त्यावर उपकरासह ३२,७६० रुपये कर होतो. पंधरा-जी मध्ये तुम्ही हे उत्पन्न स्वतःचं आणि करमुक्त असल्याचं लिहून दिलंत, ते टिकणारं नाही.

यंदा असं घोषणापत्र देऊ नका. व्याज ५० हजारांच्या वर असल्याने बँक दहा टक्के टीडीएस कापेल. बँकेला लेखी कळवा की हे उत्पन्न पतीच्या नावे धरायचं आहे, मग टीडीएस त्यांच्या पॅनवर पडेल. नाहीतर कर त्यांच्याकडे आणि जमा तुमच्याकडे असा घोळ होतो. मागच्या वर्षांचं व्याज पतीच्या रिटर्नमध्ये आलं नसेल तर सुधारित किंवा अद्ययावत रिटर्नचा विचार करा.

यात एक बारकावा उपयोगाचा आहे. मिळालेलं व्याज तुम्ही पुन्हा गुंतवलंत, तर त्या व्याजावरचं व्याज तुमचं स्वतःचं. म्हणून व्याज वेगळ्या खात्यात घ्या, मुद्दलात मिसळू देऊ नका. तुमच्या नावे पीपीएफ असेल तर त्यातलं व्याज करमुक्तच आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

प्रश्न : आमची मुलगी लग्नानंतर अमेरिकेत आहे, जावई तिथल्या नौदलात. ते मूळचे टेक्सासचे. मे अखेरपर्यंत सॅन दिएगोला पोस्टिंग होतं, जूनपासून नॉरफोकला. मुलगी कॅलिफोर्नियातल्याच कंपनीचं काम घरून करते. तिच्या पगारातून आधी कॅलिफोर्नियाचा, मग व्हर्जिनियाचा कर कापला गेला. तिने तीन राज्यांत रिटर्न भरायचं का? पुण्यातल्या आमच्या ठेवींवर तिचं दुसरं नाव आहे, त्याचं काय? (कोथरूड)

उत्तर : इथून वाचणाऱ्यांसाठी आधी एवढं : अमेरिकेत केंद्राच्या प्राप्तिकराखेरीज बहुतेक राज्यांचाही स्वतःचा प्राप्तिकर असतो. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी यांसारख्या नऊ राज्यांत वेतनावर तो नाही. त्यामुळे ‘तुम्ही कोणत्या राज्याचे’ हा तिथे हजारो डॉलरचा प्रश्न असतो.

सैनिकाचा लष्करी पगार त्याच्या मूळ राज्यातच करपात्र, पोस्टिंगच्या राज्यात नाही, हे जुनंच. पत्नीला तसं संरक्षण २००९ च्या सैनिकी जोडीदार निवास कायद्याने मिळालं, पण तेव्हा दोघांचं मूळ राज्य एकच असावं लागे. पुण्याच्या मुलीचं मूळ राज्य टेक्सास कसं असणार? ही अडचण २०१८ अखेरच्या दुरुस्तीने दूर केली. जोडीदाराला करापुरतं सैनिकाचं राज्य निवडता येतं, तिथे ती कधी राहिली नसली तरी. २०२२ च्या कायद्याने, ज्यावर जानेवारी २०२३ मध्ये सही झाली, निवड आणखी मोकळी केली. सैनिकाचं मूळ राज्य, जोडीदाराचं मूळ राज्य किंवा पोस्टिंगचं राज्य, यांतलं कोणतंही दोघांना दरवर्षी निवडता येतं. तुमच्या मुलीने टेक्सास निवडावं, यात दुमत होण्याचं कारण नाही.

अट एकच महत्त्वाची : ती त्या राज्यात केवळ पतीच्या पोस्टिंगमुळे, त्याच्यासोबत राहण्यासाठी असली पाहिजे. म्हणजे तिच्या वेतनावर ना कॅलिफोर्नियाचा कर, ना व्हर्जिनियाचा, आणि टेक्सासला रिटर्नच नाही. जूनपासून कंपनी कॅलिफोर्नियातली असली तरी काम व्हर्जिनियात बसून केलं, त्यामुळे कॅलिफोर्नियाला त्या वेतनावर तसाही हक्क नाही.

कापला गेलेला कर मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. आधी केंद्राचं रिटर्न, फॉर्म १०४०, पूर्ण तयार करायचं, कारण राज्यांचे फॉर्म त्यातूनच आकडे घेतात. मग कॅलिफोर्नियासाठी ५४०एनआर हे अनिवासीचं रिटर्न. यात हमखास घोटाळा होतो. डब्ल्यू-२ या कंपनीच्या वार्षिक वेतनपत्राच्या सोळाव्या चौकटीतला राज्याचा पगार सॉफ्टवेअर आपोआप कॅलिफोर्नियाच्या उत्पन्नात ओढतं. शेड्यूल सीए मध्ये कॅलिफोर्नियाच्या रकान्यात तिचं वेतन शून्य करावं लागतं, आणि सतराव्या चौकटीतला कापलेला कर तसाच ठेवायचा. व्हर्जिनियात तिचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर ७६३-एस हा छोटा फॉर्म नेमका अशा परताव्यासाठी आहे. जोडायला लग्नाचा दाखला, जावयांच्या पोस्टिंगचा आदेश, तिचं लष्करी अवलंबिताचं ओळखपत्र आणि जावयांची एलईएस ही पगारपावती, ज्यावर कराचं राज्य टेक्सास छापलेलं असतं. ती पावती एकदा नजरेखालून घाला. तिथेच भलतं राज्य असेल तर बाकी कागदांना अर्थ नाही. ते जावयांनी आपल्या वेतन कार्यालयात डीडी २०५८ फॉर्म देऊन बदलायचं असतं.

केंद्राची आणि कॅलिफोर्नियाची मुदत १५ एप्रिल, व्हर्जिनियाची १ मे. मागच्या वर्षांचाही कर कापला गेला असेल तर परतावा कॅलिफोर्नियात साधारण चार आणि व्हर्जिनियात तीन वर्षांपर्यंत मागता येतो.

पुढची कपात थांबवायला कंपनीला व्हीए-४ हा फॉर्म द्यायचा, त्यात सैनिकी जोडीदाराची वेगळी ओळ असते. (कॅलिफोर्नियात हेच काम डीई ४ करतो, मेरीलँडला बदली झाली तर एमडब्ल्यू५०७.) कंपनीच्या वेतन विभागाला ही तरतूद ठाऊक नसणं अगदी नेहमीचं. फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा फॉर्ममधल्या ओळीवर बोट ठेवून ईमेल पाठवावी.

संरक्षण फक्त तिच्या श्रमाच्या कमाईला आहे. सॅन दिएगोत घर घेऊन ते भाड्याने दिलं असेल तर ते भाडं कॅलिफोर्नियात करपात्रच. कंपनीने कामासाठी दोन आठवडे न्यू यॉर्कला पाठवलं तर त्या दिवसांचं वेतन न्यू यॉर्कच्या कक्षेत येतं. आणि जावई नौदल सोडून नॉरफोकलाच स्थायिक झाले, तर त्या दिवसापासून दोघंही व्हर्जिनियाचे. टेक्सास निवडून एकीकडे व्हर्जिनियाच्या विद्यापीठात स्थानिक रहिवासी म्हणून कमी फी मागणं, असलंही करू नये. विरुद्ध दावे एकमेकांना पाडतात.

आता तुमच्या ठेवी. पुण्यात बहुतेक घरांत ‘सोय म्हणून’ मुलीचं नाव दुसरं घातलेलं असतं. अमेरिकेच्या दृष्टीने ते तिचं परदेशी खातं. तिचं नाव असलेल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे परदेशी खात्यांचं विवरण दरवर्षी ऑनलाइन द्यावं लागतं, आणि संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम मोजतात, निम्मी नाही. सहा-सात ठेवी असतील तर ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. यात कर नसतो, पण न दिल्याचा दंड जबर असतो. वर १०४० च्या शेड्यूल बी मध्ये परदेशी खात्याच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणायचं. अमेरिकेत राहणाऱ्या आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याची परदेशी मालमत्ता वर्षअखेर एक लाख डॉलर किंवा वर्षात कधीही दीड लाखाच्या वर गेली, तर फॉर्म ८९३८ ही लागतो.

तिचं स्वतःचं पुण्यातलं जुनं बचत खातं अजून ‘निवासी’ म्हणून चालू असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथलं खातं) करून घ्या. एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या, ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही, तिथे ते दाखवावंच लागतं. ठेवींवर केवळ वारसाची सोय हवी असेल तर दुसरं नाव काढून नामांकन करा.

आणि पैसे मोजून सल्लागार गाठण्याआधी तिने सैनिकी कुटुंबांसाठीची ‘मिलटॅक्स’ ही सेवा वापरून पाहावी. अमेरिकी संरक्षण खात्याची आहे, मोफत आहे, आणि अनेक राज्यांची रिटर्न त्यात भरता येतात.

प्रश्न : गाडी माझ्या नावावर, नोंदणी तेलंगणाची. पती हवाई दलात. पुण्यात बीएच (देशभर चालणारा ‘भारत’ मालिकेतला) क्रमांक मिळेल का? (लोहगाव)

उत्तर : बीएच क्रमांकासाठी गाडी त्या कर्मचाऱ्याच्याच नावावर लागते. पत्नी स्वतः सरकारी नोकरीत असेल, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत असेल, तर तिला मिळतो. नाहीतर गाडी पतीच्या नावे करून मग अर्ज. ते नको असेल तर तेलंगणाच्या आरटीओकडून फॉर्म २८ वरचं ना-हरकत पत्र आणा, कर्ज असेल तर बँकेचंही, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत फॉर्म २७ द्या. गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर हे बंधनकारक आहे. महाराष्ट्राचा कर आधी भरावा लागतो. नवं आरसी हाती आल्यावर त्याची प्रत जोडून तेलंगणाकडे उरलेल्या वर्षांचा कर परत मागायचा. तो मागितला तरच मिळतो, म्हणून तिकडची मूळ कर-पावती सामान बांधताना ट्रंकेत तळाशी जाऊ देऊ नका.

प्रश्न : पतींचं रिटर्न मीच भरते. ते जिथे आहेत तिथे मोबाइल लागत नाही, आधारचा ओटीपी मिळत नाही. बदलीनंतर त्यांच्या पॅनचं कार्यक्षेत्र, म्हणजे प्राप्तिकर कार्यालयही, बदलून घ्यायचं का? (विश्रांतवाडी)

उत्तर : रिटर्न मुदतीत पाठवून द्या. पडताळणीला त्यानंतर तीस दिवस असतात. त्यांच्या नेट बँकिंगमधून पोर्टलवर गेलं तर आधारच्या ओटीपीविना पडताळणी होते, पण बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर जात असेल तर उपयोग नाही. मग आयटीआर-व्ही हा पडताळणीचा कागद छापून निळ्या शाईने त्यांची सही घ्या आणि बंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टने पाठवा. कागद युनिटपर्यंत जाऊन परत यायचा वेळ धरला तर तीस दिवस पुरत नाहीत. म्हणून दरवर्षीच ही अडचण असेल तर ते रजेवर घरी असताना पोर्टलवर ‘स्वतःच्या वतीने दुसऱ्याला अधिकृत करणे’ ही सोय वापरून तुमचं नाव नोंदवून ठेवा. त्याला मुखत्यारपत्र लागतं, ते रजेतच करून घ्या.

कार्यक्षेत्राचं म्हणाल तर ते लष्करात असतील तर काहीच करू नका. लष्करातल्यांच्या पॅनसाठी पुण्याचाच कोड ठरलेला आहे, पोस्टिंग लेहला असो वा तेजपूरला. हवाई दलासाठी दिल्लीचा. तुमचा स्वतःचा पॅन मात्र पत्त्यावर चालतो, तो पत्ता पुण्याच्या कायमच्या घराचा ठेवलात तर दर बदलीला हात लावायची गरज नाही. परताव्यासाठी नोंदवलेलं बँक खातं तेवढं चालू आहे ना ते पाहा. शाखा विलीन होऊन आयएफएससी बदललेला असतो आणि परतावा परत जातो. खातं नव्याने पडताळून घेतलं की पोर्टलवर ‘परतावा पुन्हा पाठवा’ अशी विनंती टाकता येते.